धागा: बेळगावी जेवणाबरोबर वाइन. मेळ्यात, हॉटेलात की घरी?

अनगोळकर (धागाकर्ता)

मंडळी, टिळकवाडीच्या मिलेनियम गार्डनात वाइन मेळे भरले तेव्हा तिथं घुटमळलेले बरेच जण या मंचावर आहेत, हे मला गणेशोत्सवाच्या धाग्यावरनं कळलं. (विषय काय होता आणि कुठं गेला, असो.) म्हणून हा वेगळा धागा.

आपल्याकडं वाइन म्हटली की एकतर मेळ्यातला स्टॉल, नाहीतर गोव्याला गेल्यावर घेतलेली पोर्ट, म्हणजे ती गोड लाल वाइन. दोन्हीकडं बरोबर खायला काय? चीजचे चौकोन, खारे काजू, फार तर चिकन टिक्का. बेळगावात बसून प्यायची आणि खायचं मात्र भलत्याच गावचं. माझं म्हणणं असं, की वाइन चाखायची खरी जागा म्हणजे आपलं रविवारचं ताट. आणि त्या ताटापुढं 'मटणाला रेड, माशाला व्हाइट' हा पुस्तकी नियम उभा राहत नाही. आपल्याकडं वाइन मटण बघून नाही, मिरची बघून निवडायची.

आमच्या घरच्या कांदा मसाल्यात रंगाला ब्याडगी आणि जाळाला संकेश्वरी. ब्याडगीनं रश्श्यावर लालभडक तवंग येतो, पण जीभ शाबूत राहते. संकेश्वरी आपल्या हुक्केरी तालुक्यातली, घरचीच म्हणा, पण हात सैल सुटला की कानातनं धूर. आता त्या रश्श्यावर ओकच्या पिंपात मुरलेली, चौदा टक्क्यांची कॅबर्ने सोविन्यॉ घ्या. द्राक्षाच्या सालीत आणि बीत जे टॅनिन असतं ते कच्च्या सुपारीसारखं जीभ ओढून धरतं, आणि अल्कोहोल त्याच आगीच्या नसा आणखी चेतवतं. रस्सा जास्त तिखट लागतो, वाइन जास्त कडू. दोघांचंही वाटोळं.

त्याच रश्श्याबरोबर थंडगार, किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ घेतली तर गोडी मिरचीला धरून ठेवते, आंबटपणा तेलाचा थर धुऊन काढतो आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. रेड घ्यायचीच असली तर सुक्या मटणाबरोबर घ्या, मिरची कमी, मिरं जास्त, खोबरं चांगलं भाजलेलं. तिथं शिराझ छान बसते, कारण शिराझच्या वासातच मिऱ्याची झाक असते. मीठ आणि चरबी टॅनिनला मऊ करतात. मिर्ची भज्यांबरोबर फेसाळती वाइन. ही जोडी मला सगळ्यात जास्त आवडते, पण घरात कुणालाच पटत नाही.

तुम्ही काय कशाबरोबर घेता? कुठल्या प्रकारच्या हॉटेलात बरी मिळते? घरी कशी बैठक जमवता? लिहा.

तिखट_जाळ

काय ओ अनगोळकर, मटणाबरोबर पांढरी वाइन? आमच्या वडगावातल्या दोस्तांना सांगितलं तर कट्ट्यावरनं उठवतील मला. रश्श्याला थंड बिअर, विषय संपला. तरी वाचायलोय, लिहा पुढं.

कॅम्पवाला

हॉटेलांचं मी सांगतो, अर्धं आयुष्य त्याच धंद्यात गेलंय.

बेळगावात जिथं जेवण एक नंबर, तिथं दारू नाही. जिथं दारू आहे तिथं मेनू कार्डावर चिली चिकन आणि पनीर मंचुरियन. मटण-भाकरीचं मिलिटरी हॉटेल घ्या, जोंधळ्याची भाकरी देणारी लिंगायत खानावळ घ्या, कॅम्पातली बिर्याणीची जुनी दुकानं घ्या, सगळीकडं पाण्याचा तांब्या. बार अँड रेस्टॉरंटला गिऱ्हाईक येतं ते व्हिस्की-रमसाठी. वाइनची बाटली तिथं नवससायास केल्यावर खपते. त्यामुळं ती वरच्या फळीवर, दिव्याखाली, भटारखान्याच्या भिंतीला टेकून उभी असते. मालकाचा दोष नाही, खपच नाही तर तो फ्रिज कशाला अडवील?

तरी घ्यायचीच असेल तर ग्लासवर घेऊ नका. ती बाटली परवा उघडली की गेल्या महिन्यात, हे वेटरलाही ठाऊक नसतं. उघडलेली वाइन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, बाहेर ठेवली तर त्याच्या आधीच आंबूस. लहान बाटली मिळाली तर ती मागा आणि आपल्यासमोर उघडायला लावा. व्हाइट असेल तर पिकण्याचं साल बघा, साध्या व्हाइट जुन्या होऊन सुधारत नाहीत. आणि रेडसुद्धा बर्फाच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवायला सांगा. वेटर हसेल, हसू दे. 'रूम टेंपरेचर' म्हणतात ते तिकडच्या दगडी घरातलं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्याकडं एप्रिलात खोलीत छत्तीस असतंय.

एका बारमध्ये (नाव नको) मला रेड वाइनमध्ये बर्फाचे खडे आणि सोडा घालून आणून दिला होता. वर विचारलं, 'सर, लिंबू?'

अथणीचा_बागवान

मेळ्याला येणारे लोक विचारतात, 'अथणी, विजयपूरकडं एवढी द्राक्षं, मग वाइन का नाही?' म्हणून लिहितो.

आमच्याकडं बाग आहे ती थॉम्पसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची. खायला जातात किंवा बेदाण्याला. वाइनची द्राक्षं वेगळी. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात ठेवली तर कुणी हात लावणार नाही. म्हणजे वायनरीशी आधी करार नसेल तर तो माल विकायचा कुणाला? बेदाण्याचं तसं नाही. भाव पडला तर शेडवर टाकायचा. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवून जाळीवर सावलीत पसरला की पंधरवड्यात बेदाणा. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो. मग तासगाव आहे, सांगली आहे, विजयपूर आहे. शेतकऱ्याला हा दुसरा दरवाजा लागतो. नाशिककडं २००९-१० च्या सुमाराला वाइनच्या द्राक्षांची खरेदी बसली तेव्हा लोकांनी वेली उपटून टाकल्या, ते आमच्या मंडळींनी लांबनं बघितलंय.

कर्नाटकानं २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाइनचं धोरण आणलं, वाइन बोर्डही काढलं. मेळे भरतात ते त्यातनंच. पण राज्यातली नाव असलेली बाग म्हटली तर नंदी हिल्सकडं ग्रोव्हरांची, १९८८ पासूनची, आणि हंपीच्या डोंगरात क्रिस्मा. दोन्ही आपल्यापासनं लांब. आपल्याला त्यापेक्षा अकलूजची फ्रातेल्ली वायनरी सोयीची पडते.

एक गंमत सांगतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडं त्याला झोपच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि पीक एकदाच, फेब्रुवारी-मार्चला. दोनदा कापायचं तेव्हा एकदा मिळायचं. खायच्या द्राक्षात सोळा-अठरा ब्रिक्स साखर असली की तोडतात, वाइनला बावीस ते चोवीस लागते. पण नुसत्या मीटरवर कुणी जात नाही. मी एका वायनरीच्या बागेत गेलो होतो, तिथला माणूस मणी तोंडात फोडून बी चावून बघायचा. बी हिरवी असली तर कडू, दातात चिकटते. तपकिरी झाली की कुडकुडीत फुटते आणि भाजल्या शेंगदाण्यावाणी चव येते. तेव्हा तोडणी. तीसुद्धा पहाटे, दिव्याच्या उजेडात, माल थंड असताना.

निपाणीकर

बागवान, तपशील झकास. एक प्रश्न. तीच बाटली कागलला एक भाव, निपाणीत दुसरा आणि पणजीत तिसरा, हे काय गौडबंगाल? वीस किलोमीटरवर भाव बदलतो. आमचा भाग तिकडं असता तर...

संपादक

निपाणीकर, तीन ठिपक्यांच्या पुढचं ठाऊक आहे सगळ्यांना. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो आजही पहिल्या पानावरच आहे. इथं खाण्यापिण्यावर बोलूया.

कॅम्पवाला

भावाचं सरळ आहे. दर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, बाहेरच्या राज्यातनं आलेल्या मालावर आणखी वेगळा आकार. गोव्यात कर कमी म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच तिथल्या लेबलवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असतंय. परमिट नसताना डिकीत घालून आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावतात तेव्हा मागं बसलेल्या सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं होतं.

माळकरी

धागा नजरेस पडला म्हणून लिहितो. आमच्या घरी माळ आहे, त्यामुळं मटणही नाही आणि ते दुसरंही नाही. तुम्ही हौसेनं लिहिता, वाचायला गोड वाटतं. पण आमच्या गल्लीत दारूनं बसलेली घरं मी रोज बघतो. वाइन म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, बाटली ती बाटली. पोरंसोरं हे मंच वाचतात याचं भान असू द्या.

अनगोळकर

माउली, मनापासून लिहिलंत, राग नाही. वाइन औषधी आहे, हृदयाला चांगली आहे, असलं काही इथं कुणी लिहिलं तर मीच आधी खोडीन. दारू ती दारूच. घरी बैठक असते तेव्हा चौघांत एक बाटली आणि गाडी चालवणाऱ्याला पन्हं, हा आमच्याकडचा दंडक. ज्याला नको त्याला आग्रह नाही. तुम्ही जेवणाच्या बाजूनं लिहा की. तुमच्या घरच्या अंबाडीच्या भाजीबद्दल मागं एका धाग्यावर लिहिलं होतंत, ते अजून ध्यानात आहे.

माळकरी

लिहितो मग. अंबाडी, आमच्या मळ्यातले गडी तिला पुंडी म्हणतात. पानं उकडून पिळून घ्यायची, त्यात शिजलेली तूरडाळ आणि जोंधळ्याच्या कण्या. वरनं लसणाची फोडणी, तेल सढळ. भाकरी गरम, लोणी थंड. आंबट एवढी छान असते की बरोबर आणखी काही प्यायची गरजच पडत नाही. ताक सोडून.

शहापूरची_सून

माळकरी काका, कण्यांच्या ऐवजी मी तांदळाची चुरी घालते, तीही छान लागते. 🙂

सगळे मटण-मटण करताय, शाकाहारी ताटाचं कोण सांगणार? मी सांगते. आमच्यात वाइन घेणारे दोघंच, मी आणि सासरे. (नवरा सोडा-लिंबू.) आमच्या शनिवारच्या ताटात भरली वांगी असतात. जवारी वांगी, बोटभर, काटेरी देठाची. त्यात शेंगदाणे, तीळ, कारळं, सुकं खोबरं वेगवेगळं भाजून कुटलेलं, चिंच-गूळ, आणि मसाला घरचा. शेजारच्या अक्का यालाच एण्णगाई म्हणतात आणि माझ्यापेक्षा दुप्पट तेल घालतात, म्हणून त्यांची माझ्यापेक्षा चांगली होते. कढईत पाणी घालायचं नाही, ताटलीवर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. देठ बोटानं दाबला आणि दबला की झालं.

याबरोबर मी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घेते, चांगली गार. चिंच-गुळाला ती पुरी पडते, आणि कारळ्याचा जो किंचित कडवटपणा असतो त्याला मारत नाही. सोविन्यॉ ब्लाँसुद्धा घेऊन बघितली. तिला कोथिंबीर-हिरव्या मिरचीचा असा वास असतो, तो ठेच्याबरोबर मस्त जुळतो. पण वांग्याच्या गुळापुढं ती नुसती आंबट पडते.

आता गोड. कुंद्याबरोबर काय घ्यायचं, यावर सासऱ्यांचं आणि माझं भांडण. नियम असा सांगतात की वाइन गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. कुंद्यापेक्षा गोड काय असणार, सांगा! लेट हार्वेस्ट शेनाँ, म्हणजे उशिरा तोडलेल्या जास्त गोड द्राक्षांची, चालते असं मी म्हणते. सासरे म्हणतात गोव्याची पोर्टच, कारण आटवलेल्या दुधाचा जो करपट खमंगपणा असतो तो तिलाच झेपतो. बघायला गेलं तर त्यांचंच खरं आहे, पण मी हे घरात बोलणार नाही. गोकाकच्या करदंटालाही पोर्टच. डिंक, गूळ, सुकामेवा, सगळं तिच्याच जातीचं.

आणि मांड्यांबरोबर काही नको, हे मात्र ठाम. माझ्या चुलत सासूबाई लग्नाच्या रुखवतात मांडे करायच्या. कणीक तेलात तिंबून तिंबून अशी मऊ, की लाटी हातावर घेऊन दोन्ही मनगटांवरनं फिरवत जायच्या आणि ती रुमालाएवढी पातळ व्हायची. पालथ्या खापरावर टाकली की पिठीसाखर आत विरघळायच्या आत घडी. एक चुकलं तर पुढचे चार बिघडतात म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. असल्या पदार्थाबरोबर दूध घ्यावं, गप बसावं.

चोर्ल्याचा_वारा

जांबोटीकडनं नमस्कार. तुम्ही सगळे द्राक्षावरच आहात. आमच्या बाजूला मार्च लागला की काजूच्या बोंडांचा वास. घाटाखाली गोव्यात पहिल्या धारेचा हुर्राक निघतो तो दोन-अडीच महिनेच. नंतर दुसऱ्यांदा गाळून फेणी. फेणी बेचाळीस टक्के, हुर्राक त्याच्या निम्म्याहून कमी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हुर्राकात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिंबाचा सोडा. बरोबर तळलेला बांगडा. हे खाली उतरून, तिथंच बसून करायचं. कॅम्पवाल्यांनी सांगितलंय तसं, नाक्यावर तमाशा नको.

गाळायच्या आधीचा नुसता रस, नीरो, तो तर माळकरी काकांनाही चालेल. दुपार व्हायच्या आत प्यायचा मात्र, नंतर तो आपल्या मनानं फसफसायला लागतो.

खानापूरची_पुण्यात

वाचून घरची आठवण आली. जुलैत कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं बाजारात अळंबी येतात, पानांच्या द्रोणात. माझी आई त्यांचं सुकं करते, कांदा, खोबरं, दोन लवंगा, तिखट बेताचं. त्याबरोबर मी फ्रातेल्लीची सेट्टे घेतली होती, सान्जोवेसे आणि कॅबर्नेची. मातीचा वास दोन्हीकडं. अनगोळकर, तुमचा मिरचीचा नियम इथं चालला, तिखट कमी होतं म्हणूनच रेड बसली.

घरी चाखायला बसताना आम्ही मैत्रिणी एक करतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर आकडे टाकतो, म्हणजे महागाचं लेबल बघून कुणी माना डोलवत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, नाहीतर फिरवता येत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरून रंग बघायचा, मग वास, मग घोट. आधी नुसती चाखायची, मग एका घासानंतर परत. दुसऱ्या वेळी मतं बदलतात, भांडणं तिथंच सुरू होतात. अत्तर लावून येणाऱ्यांना आम्ही खिडकीपाशी बसवतो. आणि फोडणी आधी उरकून घ्या. मोहरी-हिंग चालू असताना कुठल्या वाइनचा वास येणार, कपाळ!

तिखट_जाळ

तर मंडळी, करून बघितलं. भावाच्या घरी रविवारी मटण होतं, मी शेनाँ घेऊन गेलो. फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाखाली ठेवली दोन तास. पहिल्यांदा सगळे हसले. मग वहिनींनी घोट घेतला, नंतर भावानं. बाटली रश्श्याच्या आधी संपली.

मी तरी बिअरच प्यालो. पण खरं आहे ओ, तिखट कमी लागलं म्हणत होते.

अनगोळकर

@तिखट_जाळ, वहिनींना नमस्कार सांगा.

@खानापूरची_पुण्यात, कागदात गुंडाळायचं एकदम पटलं. मग आता एक ठरवूया का? फेब्रुवारीत बागवानांच्या बागेत जायचं, सकाळी द्राक्षं आणि बेदाण्याचं शेड बघायचं, दुपारी तिथंच झाडाखाली जेवण. ज्यानं त्यानं आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा. बाटल्या कर्नाटकातल्या दुकानातनंच, पावतीसकट. येताना गाडी चालवणारे कोण ते आधी ठरवायचं, त्यांना घोटसुद्धा नाही.

अथणीचा_बागवान

या की, आनंदानं या. फवारणी झालेली नसेल असा दिवस बघून सांगतो. भाकरी आमच्याकडनं. बायको म्हणते शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी भरपूर करून ठेवते, लोकांना घेऊनही जाता येईल.

शहापूरची_सून

वांगी माझ्याकडं लागली. भात कोण आणणार? बेळगाव बासमतीचाच हवा, पाकिटातला लांब दाण्याचा नको.

माळकरी

तांदूळ मी देतो, घरचा आहे. जेवायलाही येईन, ताट मात्र लांब मांडा. आणि ताक दोन घागरी आणतो, तुम्हालाच लागेल संध्याकाळपर्यंत.

निपाणीकर

मी येणार. बूच उघडायचा स्क्रू कुणाकडं आहे? माझ्याकडचा गेल्या वेळी बुचात अर्धा राहिला तो राहिलाच.

कॅम्पवाला

फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या आणा, निम्मा ताप वाचतो. तरी माझ्याकडं दोन स्क्रू आहेत, घेऊन येतो. बर्फ अथणीत मिळेल का, तेवढं बागवान बघून सांगा.

अथणीचा_बागवान

मिळेल. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाला दोस्त आहे, बाटल्याच आदल्या रात्री तिथं ठेवू.